यादीबाहेरच्या मुलांनी काय करायचे?

संपादक महोदय,

इन्व्हेस्टमेंट बँकेत (म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या बँकेत) नोकरी हवी तर आधी विद्यापीठाचे नाव बघा, असे मुलांना सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. या कंपन्या मोजक्या विद्यापीठांची यादी ठेवतात, तिथेच माणसे पाठवतात, आणि मुलाखत घेणारा पुष्कळदा तिथलाच माजी विद्यार्थी असतो. बाकीच्यांनी वेबसाइटवर अर्ज टाकून वाट बघायची. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी अमेरिकेतल्या भरतीचा अभ्यास करून हेच दाखवले आहे. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँकेने २०१६ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांची पहिली फेरी कॅम्पसऐवजी व्हिडिओवर नेली, तेव्हा दार जरा किलकिले झाले.

खरी मेख इंटर्नशिपमध्ये आहे. कायमच्या जागा बऱ्याचदा इंटर्नमधूनच भरतात आणि ती निवड कितीतरी महिने आधी उरकते. सांगणारा सीनियर नसलेल्या मुलाला हे कळते तोवर गाडी सुटलेली असते! ऑडिट किंवा जोखीम व्यवस्थापनात नावाचा दबदबा तुलनेने कमी, तिथे सीए किंवा सीएफए (गुंतवणूक विश्लेषणातली व्यावसायिक पात्रता) कामी येते. प्लेसमेंट विभागांनी पॅकेजचे आकडे मिरवण्याऐवजी अर्जांच्या तारखा पहिल्याच वर्षी नोटीस बोर्डावर लावाव्यात.

– एक वाचक