पाच एमएलसाठी

भांडुप, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझा फोन दोनदा वाजला आणि मी उचलला नाही म्हणून रागावू नकोस, दोन्ही वेळेला एका हातात चिऊ आणि दुसऱ्या हातात औषधाचं झाकण होतं. आता झोपलीय, बाहेर पाऊस कोसळतोय, म्हणून लिहायला बसलो.

बुधवारी ताप १०२. डॉक्टरांनी घसा बघून अँटिबायोटिक दिलं, सकाळ-संध्याकाळ पाच एमएल, पाच दिवस. ते पावडरवालं, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं. इथपर्यंत आम्ही हुशार.

पहिल्या डोसला मी हात धरले, हिने नाक दाबलं, आणि सगळं औषध माझ्या शर्टावर. चिऊच्या किंचाळण्याने शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या, काय समजल्या देव जाणे. डॉक्टरांना सांगितलं तर आम्हालाच झापलं, नाक दाबून किंवा आडवं करून पाजायचं नाही, श्वासनलिकेत जाईल.

मग आई म्हणाली दुधात घाला. घातलं. पोरीने अर्धा ग्लास प्यायला आणि ठेवून दिला, आता औषध किती गेलं कोण सांगणार? वर ती आता साधं दूधही वास घेऊन बघते! आईनेच एकदा "चॉकलेट आहे गं" म्हटलं, आणि दुपारी बघतो तर बाईसाहेब स्टुलावर चढून बाटलीला हात घालतायत. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. त्या दिवसापासून बाटल्या कपाटाच्या वर आणि औषधाला औषधच म्हणायचं.

शेवटी मेडिकलवाल्याने बिनसुईची सिरिंज दिली. बसवून, गालाच्या आत बाजूला टोक ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं, घशावर धार मारायची नाही. चिऊला म्हटलं दांडा तू ढकल, माझा हात फक्त खाली. आधी टेडीला रिकाम्या पिचकारीने पाजलं, मग स्वतः. त्याआधी चमचाभर आइस्क्रीम, थंडाने जीभ बधिर होते नि कडू कमी लागतं. घसा धरलाय आणि आइस्क्रीम, यावर आईने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या वेदूसाठी एकच सांगतो, पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एक समजू नकोस. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका एमएलला १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये पाच एमएलला १२५ किंवा २५०, डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांना विचारूनच दे. आणि घरातला चमचा नको, आमच्याकडचे तीन चमचे मोजले तर तिन्ही वेगळे निघाले.

आज शेवटचा डोस गेला. बाटलीत थोडं उरलंय, आई म्हणते ठेव पुढच्या वेळेला, मी म्हणतो पाणी घातलेलं औषध टिकत नाही, भांडण चालू आहे. शनिवारी ये. तो शर्ट दाखवतो, डाग काही गेला नाही.

तुझा,
सच्या