जहाजावर चढण्याआधी

छत्रपती संभाजीनगर
७ ऑगस्ट

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

नाना-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत आणि त्यानिमित्त तू सगळ्यांना जहाजानं न्यायचं मनावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तुझे बहुतेक प्रश्न जहाजावर काय काय मिळतं याचे आहेत. ते वर गेल्यावर आपोआप कळतं. आत्ता जीव लावायचा तो जहाज सुटल्यावर बदलता येत नाहीत अशा गोष्टींवर: कुठली फेरी, कुठली केबिन, कोणते कागद, आणि हातातल्या पिशवीत काय. म्हणून आधी तेच लिहितो.

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या पावसाळा सरल्यावर सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ-नवं वर्ष आणि मे महिना, या तिन्ही वेळी भाडं चढतं. ऑक्टोबरात तुमची सोयाबीनची काढणी, फेब्रुवारी-मार्चात हरभरा आणि ज्वारी. म्हणून डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस किंवा जानेवारीचा मध्य मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. हिवाळ्यात अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, आणि शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी सुटणारी फेरी बहुधा स्वस्त पडते.

लक्षद्वीपचे फोटो बघून मुलं हट्ट धरतील, पण काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता या वेळी गोवाच धर. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात थेट धक्क्याला लागतं, जिना उतरलं की माणूस जमिनीवर. लक्षद्वीपला एवढं मोठं जहाज बेटाला लागत नाही. खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून नेतात. बोट लाटेवर वर-खाली होत असताना नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. खलाशी दोन्ही दंड धरतात, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाची तिथं खरी परीक्षा असते. शिवाय वारा वाढला तर बेटावर उतरणंच रद्द होतं. तिथं जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, त्याचे कागद बुकिंग करतानाच द्यावे लागतात.

आता केबिन. इथं दोन-चार हजार वाचवायला जाऊ नको. स्वस्तातल्या बुकिंगमध्ये कधी कधी केबिनचा फक्त प्रकार ठरतो, नंबर कंपनी नंतर देते. तरण्या जोडप्याला ते चालेल, तुला नको. नंबर बघूनच पैसे भर, आणि आधी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागवून घे. हलणं कुठं कमी? लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर. एसटीच्या शेवटच्या सीटवर हादरे जास्त बसतात, तसंच जहाजाच्या दोन्ही टोकांना. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पण पुढून-मागून वर-खाली होणं त्यांना आवरत नाही. पुढच्या टोकाच्या खालच्या केबिनमध्ये पहाटे नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागतानाच्या यंत्रांचा आवाज घुमतो. प्लॅनवर आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही बघ. वर स्विमिंग पूलचा डेक असला तर भल्या सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असला तर रात्री उशिरापर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडं केबिनच असलेला मजला उत्तम.

तुम्ही सहा जण, तर तीन-तीन अशा दोन केबिन घेण्याचा मोह होईल. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा असतो, त्याला शिडी. तिथं नाना चढणार नाहीत. नाना-काकूंना स्वतंत्र केबिन, तुम्ही चौघं शेजारच्या केबिनमध्ये, हे बरं. मधून दार असलेल्या जोड-केबिन काही जहाजांवर मिळतात, आवर्जून विचार. खालचे दोन पलंग जोडून हवेत की वेगळे, तेही आधीच सांगायचं. बाथरूमच्या दाराशी उंबऱ्यासारखी उंच पट्टी असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अंधारात ठेच लागते ती तिथंच. एक छोटा प्लगचा दिवा ने आणि पहिल्या संध्याकाळीच काकूंना ती पट्टी पायानं चाचपून दाखव.

मुंबई-गोवा फेरी ‘एम्प्रेस’ची असेल तर ते १९९० साली बांधलेलं, साधारण ४८ हजार टनांचं जहाज आहे. आजच्या अजस्र जहाजांच्या मानानं लहान. त्यामुळं आतून फिरायला म्हाताऱ्यांना सोपं, पण केबिन आटोपशीर आणि लाट थोडी जास्त जाणवणार. खिडकी नसलेली आतली केबिन सगळ्यांत स्वस्त असते. मुलांना चालेल. ज्यांनी आयुष्यभर पहाटे अंगणात येऊन उजेड बघितला, त्या नाना-काकूंना मात्र निदान खिडकी असावी असं मला मनापासून वाटतं. खिडकीची म्हणून विकलेल्या काही केबिनसमोर लाइफबोट टांगलेली असते. दृश्य अडलेलं आहे का, हे स्पष्ट विचारून घे.

छापलेलं भाडं माणशी असतं आणि दोघं एका केबिनमध्ये धरलेले असतात. त्यावर बंदराचे आकार, कर आणि बहुतेक ठिकाणी सेवाशुल्क चढतं. आकडे बघायचे ते शेवटच्या बेरजेचे.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नावांवर. आपल्याकडं एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मधे, तिसऱ्यावर स्पेलिंग वेगळं. बुकिंगचं नाव जे ओळखपत्र बंदरावर दाखवणार, अगदी त्याप्रमाणंच हवं. काकूंच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे.

परभणीहून मुंबई गाठायची ती आदल्या दिवशी. देवगिरी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचते आणि जहाज दुपारनंतर सुटतं, हे कागदावर जुळतं. पण मनमाडपर्यंत क्रॉसिंगला गाडी रखडली, पुढं घाटात अडकली, की सगळं गणित बिघडतं. चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं आणि मग पैसेही परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी तपोवन एक्सप्रेसनं या, फोर्टात किंवा सीएसएमटीजवळ मुक्काम करा. बॅलार्ड पिअर तिथून दीड-दोन किलोमीटरवर आहे, टॅक्सी लगेच मिळते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि जहाजाचं बुकिंग त्याच्याही आधी होतं, म्हणून तो साठावा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेव. परतीला जहाज सकाळी लागलं तरी बाहेर पडायला दहा-अकरा वाजतात. रात्रीची देवगिरी धरा, सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा.

वेब चेक-इन घरूनच करून बोर्डिंग पास आणि सामानाचे टॅग छापून घ्यायचे. कागदी टॅग नुसता अडकवला तर फाटून पडतो. चौपदरी घडी घालून, हँडलभोवती गुंडाळून वर रुंद चिकटपट्टी मार. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, त्या केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. तोवर लागणारं सगळं हातातल्या पिशवीत: औषधं, ओळखपत्रं, चष्मे, मुलांचे पोहायचे कपडे, एक शाल. पूलमध्ये नायलॉनचेच कपडे चालतात, सुती बनियन-चड्डीवर उतरू देत नाहीत. इस्त्री, पाण्याची कॉइल, किटली, चाकू, दारू हे तपासणीत काढून घेतात. काकूंना आधी सांगून ठेव, की उदबत्ती आणि निरांजनही नेता येत नाही. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. नानांचं इन्सुलिन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेव आणि ते थंड ठेवण्याची सोय बुकिंगच्या वेळीच मागून घे. केबिनमधल्या छोट्या फ्रिजचा भरवसा धरू नको.

चढल्यावर सगळे जेवणाकडं धावतात. जेवा, पण सुरक्षेची ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव, चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा २४ तासांत कधीही घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला आणि आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तुमच्या केबिनच्या कार्डावर जमण्याची जागा लिहिलेली असते. तिथवर एकदा लिफ्ट न वापरता, जिन्यानं, सहाही जण चालत जा. म्हणजे नाना-काकूंना किती वेळ लागतो ते तुला कळेल. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट मागून घे.

डेकवर जायची दारं जड असतात. बाहेर वारा असला की उघडताना सगळं अंग लावावं लागतं, आणि हात सुटला की ते धाडकन मिटतं. मुलं बिजागरीच्या बाजूला बोटं ठेवतात. एक मोठा माणूस दार पाठीनं धरून उभा राहील आणि मग बाकीचे जातील, अशी सवयच लावून टाका.

जहाज लागण्याची काळजी तू दोनदा लिहिलीस. डोळे सांगतात आपण स्थिर खोलीत आहोत, कानातला तोल सांगतो आपण हलतोय, या भांडणातून मळमळ होते. म्हणून उपाय म्हणजे उघड्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडं बघणं. केबिनमध्ये मोबाइलवर वाचत पडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. पोट रिकामं ठेवायचं नाही: कोरडी बिस्किटं, आलेपाक, थोडा भात. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही, हलणं सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. तिनं झोप येते. आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना या जातीची औषधं बाधू शकतात, म्हणून नानांसाठी डॉक्टरांना विचारूनच घे.

पोटाच्या साथी जहाजावर झपाट्यानं पसरतात. त्यांतला नेहमीचा विषाणू नोरोव्हायरस, तो नुसत्या सॅनिटायझरनं नीट मरत नाही. जेवणाआधी साबण-पाण्यानं वीस सेकंद हात धुणं हाच उपाय. बुफेतला चमचा शेकडो हातांतून गेलेला असतो, म्हणून ताट वाढून आणल्यावर पुन्हा हात धुऊन मग जेवायला बसलेलं उत्तम. जेवण भरपूर मिळतं, शाकाहारी आणि जैनही, पण भाकरीची आशा धरू नका. घरून शिजवलेलं नेऊ देत नाहीत. शेंगदाण्याच्या चटणीचं बंद पाकीट चालेल का, ते कंपनीला आधी विचार.

संडास हवेच्या दाबावर चालतो. बटण दाबलं की मोठा ‘सूं’ आवाज येतो, लहान मुलं दचकतात, आधी दाखवून ठेव. त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर तुमचाच नाही, अख्ख्या रांगेतल्या केबिनचा संडास बंद पडू शकतो. परदेशी जहाजांवर धुण्यासाठी पाण्याचा जेट नसतो, तिकडं गेलात तर एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका.

वर नोटा चालत नाहीत. सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि शेवटी एकदम वसूल होतो. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घे, आणि रोज रात्री हिशेब बघ. चुकीची नोंद त्याच दिवशी सांगितली तर लगेच निघते. किनारा सुटला की सगळ्यांचे मोबाइल फ्लाइट मोडवर टाक. जहाजावरच्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर बिल हजारांत जातं.

गोव्यात उतरलात तर पणजी तिथून तीसेक किलोमीटर आहे, आणि वाटेतली रहदारी धरता दूरचे समुद्रकिनारे सोडून द्या. वास्को, फार तर जुनं गोवं. परत चढण्याची वेळ आधी सांगितलेली असते, तिच्या तासभर आधी धक्क्यावर असा. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर ते थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा सांगितलेल्या वेळेला दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या गेल्या की थेट धक्क्यावर भेटतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, ओळखपत्रं बाजूला काढल्याशिवाय चेन लावू नका. घाईत सगळं भरलं जातं आणि सकाळी अंगावर फक्त झोपायचे कपडे उरतात.

सिंगापूरचं पुढच्या वर्षी बघू. फक्त एवढं लक्षात ठेव: जहाज तिथून निघून तिथंच परत येतं, म्हणजे तू त्या देशात दोनदा शिरतोस. व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, आणि तिथलं आगमनाचं ऑनलाइन कार्ड परतीलाही पुन्हा भरावं लागतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. परदेशी टूरवर जो टीसीएस, म्हणजे टूर विकणारा आधीच वसूल करतो तो कर, कापतात तो आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, पावती जपून ठेवायची.

सहा जणांची नावं ओळखपत्रावर आहेत तशी, जन्मतारखांसह, कागदावर लिहून पाठव. सोबत नानांच्या औषधांची यादी आणि तुला चालणाऱ्या दोन तारखाही कळव. डेक प्लॅन आला की फोनवर बसून केबिनचे नंबर ठरवू.

नाना-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिलीप