खडू, कबुतरं आणि माझी बोटं

महोदय,

कालच्या पुरवणीत खोकल्यावर पानभर मजकूर छापलात. बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कबुतरं, सगळ्यांची हजेरी घेतलीत. एक जण मात्र सुटला. तो दीड वर्ष माझ्या अंगात मुक्कामाला आहे, म्हणून मी त्याला ओळखते.

मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर कोरडा खोकला लागला तेव्हा निदान करायला डॉक्टर कशाला हवा? जो भेटेल तो म्हणे, "बाई, खडू!" आमच्या डॉक्टरांनीही खडूच धरला. मग हवेची पाळी आली. मग वरच्या मजल्यावर कोणी दाणे टाकतं, त्या कबुतरांची. आठ महिने बाटल्या रिचवल्या, ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या, पंप ओढला. एक्स-रे 'तसा ठीक'. पार्ले स्टेशनचा पूल चढताना मी तीनदा थांबायचे, तर म्हणाले, वजन कमी करा.

त्याच दिवसांत सकाळी माझी बोटं उघडत नव्हती. गॅसचं बटण मनगटाने फिरवायचे. कुकरचं झाकण निघेना म्हणून शेजारच्या मुलाला हाक मारायची. कोमट पाण्यात हात बुडवून बसलं की तासाभराने कुठे मूठ वळायची. हे मी त्याच डॉक्टरांना, त्याच खुर्चीत बसून सांगितलं. उत्तर आलं, "वय झालं की व्हायचंच." खोकल्याची एक चिठ्ठी, बोटांची दुसरी. दोन्ही एकाच बाईची आहेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल करते.

शेवटी भाचीने बोटांसाठी म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. मला तिथेच उबळ आली. त्यांनी मला पाठमोरी बसवलं, अगदी खाली बरगडीपाशी नळी लावली आणि स्वतःच्या बॅगेची व्हेल्क्रोची पट्टी टर्रकन ओढून दाखवली. "तुमच्या श्वासात हा आवाज आहे." मग बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन ९६ वरून ८९ वर. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाला जाळी, म्हणजे घट्ट झालेले व्रण. खोकला आणि बोटं, दोन्हींचं मूळ एकच, आमवात! जी प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते, तीच फुप्फुसांवरही उठू शकते. काहींना तर खोकला आधी येतो आणि सांधे मागून. जून झालेला भाग परत मऊ होत नाही, उरलेला सांभाळायचा. ते आठ महिने आता मला कोण देणार?

कबुतरांना निर्दोष सोडा असं मी म्हणत नाही. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसं बिघडतात, हे खरंच आहे. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नोंदीत फुप्फुसांच्या अशा जाळीदार आजाराच्या १,०८४ रुग्णांपैकी जवळपास १४ टक्क्यांचं मूळ आमवातासारख्या दुखण्यांत सापडलं. बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टींचं दुखणं ४७ टक्क्यांना, आणि त्यातही पक्ष्यांपेक्षा कूलरचा उल्लेख जास्त. हे शंभरातले चौदा तुमच्या पानभर मजकुरात एका ओळीलाही महाग झाले? सकाळी बोटं आखडतात का, गारव्यात ती पांढरीफटक पडतात का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, एवढं जरी चौकटीत छापलं असतं तरी एखादी बाई खोकल्याच्या डॉक्टरांपुढे हात पसरून दाखवती.

चौकटीला जागा नव्हती म्हणावं, तर त्याच पानावर खाली 'सांधेदुखी २१ दिवसांत मुळापासून' ही पाव पान जाहिरात होतीच. माझ्या डॉक्टरांना दाखवली. ते नुसते हसले आणि माझ्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदाच' याखाली दुसऱ्यांदा रेघ मारली.

आणि हो, लेख फिकट गुलाबीवर पांढऱ्या अक्षरांत होता, नातीकडून वाचून घ्यावा लागला. जाहिरातीतला फोन नंबर मात्र मला चष्म्याशिवाय दिसला.

– एक निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले (पूर्व), मुंबई