डॉक्टर वीस मिनिटं नुसते बसले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या काकांना भुईमुगाच्या रानात घोणस चावली. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, निघताना एकजण म्हणत होताच की आधी मांत्रिकाला दाखवा, आणि काकीनं पायाला सुतळी करकचून बांधलेली (ती बांधायची नसते हे नंतर कळलं). डॉक्टरांनी काय केलं, तर थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी केली, कुणी हलवू नका म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. आम्ही पेटलोच! माणूस मरायला टेकलाय आणि हे नळी ठेवून फिरतायत म्हणून भावानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

वीस मिनिटांनी सिस्टरनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं घरंगळलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात भिनलंय. मग लगेच सलाईनमधून सापाचं औषध चालू, सुरुवातीलाच दहा बाटल्या. ती नळी हीच टेस्ट होती, मशीन नाही काही नाही, फक्त नळी आणि घड्याळ. आणि हे औषध असंच कुणालाही टोचत नाहीत कारण त्याचीच रिअॅक्शन येऊ शकते. भावानं गुपचूप व्हिडिओ डिलीट केला.

दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, किडनीची भीती म्हणून सिव्हिलला रेफर केलं. इथं चूक आमचीच. १०८ येतेय, थांबा म्हणत होते, तिच्यात डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत, पण आम्हाला दम कुठला, भाड्याची गाडी केली आणि रेफरची चिठ्ठी न घेताच निघालो. तिकडं पहिला प्रश्न, किती बाटल्या दिल्या, किती वाजता? आम्ही एकमेकांकडं बघतोय. फोनाफोनीत अर्धा तास गेला. चिठ्ठीशिवाय पेशंट हलवू नका हो, गाडीत बसायच्या आधी एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

रेफर केलं की लोक म्हणतात हात झटकले. पण ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा, डायलिसिस आणि आयसीयू तिथं बहुतेक नसतंच. मात्र साप, कुत्रं, साधी डिलिव्हरी यासाठी आधी तिथंच जावं. कुत्रं चावलं तर जखम साबणानं १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी जायचं, दंडाच्या कातडीत देतात त्या लसीच्या चार फेऱ्या असतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, तिसरी झाली की लोक जायचंच सोडतात. बाळंतपणाचं म्हणाल तर सातव्या महिन्यातच विचारून ठेवा की सिझर लागलं तर इथं भूलतज्ज्ञ कधी असतात, रक्ताची सोय आहे का, नाहीतर ऐनवेळी रात्री दोन वाजता पळापळ.

पैशाचं पण सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपर, तपासण्या, औषध सगळं मोफत आहे, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांना मात्र तो निर्णय लागू नाही, म्हणून सिव्हिल कुणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. आणि साप चावला, अपघात झाला की पोलिसांत नोंद होते, लोक उगाच घाबरतात, लपवतात. अहो शेतकऱ्याचा साप चावून मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना २ लाख मिळतात, पण कागद नसले तर काय दाखवणार?

तक्रार एकच. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर योजनांचे फ्लेक्स सतरा, पण आज कोणते डॉक्टर आहेत, सापाचं औषध शिल्लक आहे का, भूलतज्ज्ञ कुठल्या वारी येतात, हे खडूनं लिहिलेला एक फळा नाही. रुग्ण कल्याण समितीकडं निधी असतो, फळ्याला कितीसा लागतो?

काका बरे आहेत. रानात अजून अनवाणीच जातात.

आपला,
एक वाचक, जि. सांगली