बाळंतिणीच्या धापेकडे दुर्लक्ष नको

महोदय,

बाळंतपणानंतर एखाद्या स्त्रीला चार पायऱ्या चढताना धाप लागली, पायांवर सूज दिसली किंवा रात्र रात्र झोप लागेना, तर घरातली अनुभवी माणसेसुद्धा ‘अंगात शक्ती नाही, बाळाची जागरणे आहेत’ असे म्हणून डिंकाचे लाडू आणि विश्रांती यांवर भागवतात. पुष्कळदा त्यांचे म्हणणे बरोबरही असते. मात्र काही जणींच्या धापेमागे हृदयाच्या स्नायूचा गंभीर विकार असतो आणि बाळंतपणाच्या नेहमीच्या त्रासात तो झाकला जातो. मी अनेक वर्षे ग्रामीण भागात आरोग्यसेविका होते. या विकाराबद्दल घरोघरी बोलले जावे, अशी मला मनापासून तळमळ आहे.

वैद्यकात याला पेरिपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतात. शिकागोतील डॉ. डेमाकिस आणि डॉ. रहिमतुला यांनी १९७१ मध्ये त्याची व्याख्या मांडली: पूर्वी हृदयविकार नसलेल्या स्त्रीचे हृदय, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत, दुसरे कोणतेही कारण सापडत नसताना दुबळे पडणे. डाव्या कप्प्याची आकुंचनाची ताकद घटते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. जुळी मुले, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, तिशीनंतरचे बाळंतपण यांत धोका अधिक असला, तरी विशीतल्या पहिलटकरणीलाही हा आजार होऊ शकतो.

घरच्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. थकलेल्या माणसाला आडवे पडल्यावर बरे वाटते. या रुग्णाला आडवे पडल्यावरच श्वास कोंडतो, उशा रचून किंवा बसून रात्र काढावी लागते, मध्यरात्री खोकला येऊन जाग येते. असे होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षयानेही धाप लागते, म्हणून हिमोग्लोबिन तपासावेच. पण ते कमी निघाले की कारण सापडले असे मानून तपास तिथेच थांबवण्याची सवय मला धोकादायक वाटते. ईसीजी आणि छातीच्या एक्स-रेवरून संशय बळावतो, खात्री मात्र टू-डी इकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच होते. निरोगी हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर ढकलला जाणारा हिस्सा, साधारण ५५ टक्के किंवा त्याहून अधिक असतो, या आजारात तो बहुधा ४५ टक्क्यांच्या खाली येतो. लहानपणच्या संधिवाती तापाने खराब झालेली झडपही, जी आपल्याकडे अजून आढळते, याच तपासणीत दिसते.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. साचलेले पाणी लघवीवाटे काढणारी औषधे, हृदयावरचा भार हलका करणाऱ्या गोळ्या आणि गरजेनुसार रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. यांतली काही स्तनपान चालू असतानाही घेता येतात. वेळेवर निदान झालेल्या अनेक जणींचे हृदय काही महिन्यांत पूर्ववत होते. बरे वाटू लागल्यावर गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत आणि पुढच्या गरोदरपणाचा विचार हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये, कारण आजार उलटू शकतो. इजेक्शन फ्रॅक्शन सुधारले नसेल, तर पुन्हा गरोदर राहणे जिवावर बेतू शकते. हे सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

आपल्या व्यवस्थेतली उणीव इथेच आहे. घरी सव्वा महिना झाला की बाळंतपण संपले असे मानतात आणि सरकारी नोंदीतही मातामृत्यूची मर्यादा प्रसूतीनंतर ४२ दिवसांचीच आहे. नवजात बाळासाठी होणाऱ्या आशाताईंच्या गृहभेटीही ४२ व्या दिवशी संपतात. हा आजार मात्र पाचव्या महिन्यापर्यंत डोके वर काढू शकतो.

यासाठी नवी योजना लागणार नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसीकरणासाठी आणणारी बहुधा आईच असते. त्या सत्रात तिला दोनच प्रश्न विचारावेत: आडवे पडल्यावर दम लागतो का, आणि पायांवरची सूज वाढते आहे का? उत्तर ‘हो’ आले तर तिची नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिमीटरवरचे प्रमाण पाहून तिला इकोची सोय असलेल्या रुग्णालयात चिठ्ठीसह पाठवावे. नवजात बाळाच्या भेटी संपल्यानंतर, तिसऱ्या महिन्यातल्या वेगळ्या भेटीत बाळाला पाहायला घरी येणाऱ्या आशाताईंनीही हेच विचारावे. राज्याच्या आरोग्य विभागाने हे दोन प्रश्न माता-बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तक्त्याशेजारी छापावेत, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा जिल्हा