पुण्यातला विश्रामबागवाडा उलगडून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

त्या दिवशी ओळखपाळख नसताना तुम्ही आम्हाला अख्खा वाडा फिरून दाखवलात. तेव्हा नीट आभार मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

सुरूच्या आकाराचे खांब, कोरीव सज्जा, मधला चौक, हे सगळं दुसऱ्या बाजीरावाचं वैभव, एवढंच मला माहीत होतं. खरी गोष्ट तुम्ही त्याच्या पुढे सुरू केलीत. १८१८मध्ये पेशवाई गेली आणि १८२१मध्ये याच वाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, तीही दक्षिणा निधीच्या पैशातून! ज्या निधीतून पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत, त्यातूनच इथे न्यायशास्त्र (म्हणजे तर्कशास्त्र) आणि व्याकरणाचे वर्ग चालू लागले. राज्य बुडालं, तरी त्या पैशाचं विद्येशी असलेलं नातं तुटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज घडलं आणि १८६८मध्ये ते येरवड्याच्या इमारतीत गेलं, हे ऐकताना तर मी त्या चौकाकडे नव्यानेच पाहत होते.

नंतर १८७९ची आग, डागडुजी, नगरपालिकेच्या कचेऱ्या, पोस्ट. कचेऱ्यांनी वाड्याची रया घालवली, असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही शांतपणे शनिवारवाड्याचं उदाहरण दिलंत. १८२८च्या आगीत तो आतून जळाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. आज तट, दरवाजे आणि जोती उरलीत. बुधवारवाडा तर १८७९मध्येच गेला. विश्रामबागेत मात्र माणसांचा राबता होता, म्हणून गळकं छप्पर कुणाच्या तरी नजरेस यायचं आणि दुरुस्त व्हायचं. तुमचं हे म्हणणं मला पूर्ण पटलं. लाकडी वाड्यात पाणी मुरलं की तुळया कुजतात आणि वाळवी लागते. बंद घरात हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आमच्या कुटुंबाचा जुना वाडा सध्या कुलूपबंद आहे. तिथे मुलांसाठी अभ्यासिका सुरू करावी, असं मी भावंडांपुढे मांडलं आहे. निदान पावसाळ्यापूर्वी कौलं चाळून घ्यायला सगळे तयार झालेत. हे तुमच्यामुळे झालं, काका. सवड असेल तेव्हा आमचा वाडा बघायला नक्की या.

आपली ऋणी,
त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी