आईच्या नावाने पावती : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

पुणे, नोव्हेंबर २०२५

महोदया,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण आमचं पावतीपुस्तक मराठीत आहे आणि गाऱ्हाणं त्या पुस्तकाचंच आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमची एक छोटी संस्था चालते. मी तिचा खजिनदार. बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही खरं.

कामं मोठी नाहीत. दहावी-बारावीच्या मुलांसाठी रात्री अकरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका, कारण दहा बाय बाराच्या घरात टीव्ही चालू असताना कुणाचं गणित होणार? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा महिनाभर भांडी, चादरी आणि मुलांची दप्तरं वाटली. आणि रुग्णोपयोगी साहित्य. एका खोलीत वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, एअर बेड आणि वरखाली होणारे तीन लोखंडी पलंग. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणायची. भाडं नाही.

हे सगळं चालतं कशावर? दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पोरं हातगाडी घेऊन रद्दी गोळा करतात. दिवाळीत बायका चकली-अनारशांचा स्टॉल लावतात (अनारसे दरवर्षी पहिल्या दिवशीच संपतात आणि दरवर्षी आम्ही कमीच करतो). वाढदिवसाला कुणी एक दिवसाच्या डब्यांचे पैसे देतं. बाकी सगळं पावतीपुस्तकावर : १०१, २५१, ५०१. हजाराची पावती फाडताना माझं अक्षर आपोआप सुधारतं.

आता मुद्द्याचं सांगतो. मागच्या जूनमध्ये एक गृहस्थ पलंग परत द्यायला आले. रिक्षा चालवतात. आई चौदा महिने त्या पलंगावर होती. तेरावं आदल्या दिवशी झालेलं. त्यांनी पलंग घासूनपुसून आणला होता, हँडलला तेलसुद्धा घातलं होतं. अनामत परत घ्यायला तयार नव्हते. वर खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि म्हणाले, "काका, आईच्या नावाने पावती फाडा."

मी पेन उघडलं आणि विचारलं, "पॅन किंवा आधार?"

"कुणाचं? आईचं?"

मी गप्प. कारण तो प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तुमचं द्या, म्हटलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "राहू द्या, पेटीत टाकतो," म्हणाले. पेटीत टाकले आणि गेले. आमच्या संस्थेत चौदा महिने त्या बाईच्या नावाचं कार्ड होतं, पण तिच्या नावाची पावती काही निघाली नाही.

महोदया, मी का विचारलं ते आपल्याला माहीत आहे. ८० जी म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारं कलम. त्याची मान्यता असलेल्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावी लागते. नाव, पत्ता, रक्कम आणि ओळखीचा एक क्रमांक : पॅन, आधार, नसेल तर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड वगैरे. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क. वर १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंडाची तरतूद. आमच्याकडे एका महिन्याच्या डब्यांचा तांदूळ किती रुपयांचा येतो हे मला तोंडपाठ आहे, त्यामुळे हे आकडे वाचले की पोटात गोळा येतो.

हा नियम का आला, हेही मी जाणतो. संस्थेला चेक द्यायचा, कमिशन कापून रोख परत घ्यायची आणि ८० जीची सूट मिळवायची, हा धंदा मी बँकेच्या काउंटरमागून पाहिलाय. त्याला वेसण हवीच होती. २ हजारांवरच्या रोख देणगीवर सूट नाही, हा २०१७ चा नियमही मला पटतो. पण पाचशेच्या दोन नोटा देणाऱ्या रिक्षावाल्याला कोणता कर चुकवायचा आहे? २०२३ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८० जीची वजावट नाही. यंदापासून तर १२ लाखांपर्यंतच्या पगाराला करच नाही. म्हणजे आमच्या शंभरातल्या नव्वद देणगीदारांना त्या सवलतीचा उपयोग शून्य. ती लागते ती दहा-बारा मोठ्या देणगीदारांना आणि एखाद्या कंपनीला. त्यांच्यासाठी आम्ही मान्यता घेतली आणि त्यापायी भाजीवाल्या मावशींना आधार विचारत बसलो. "आधार कशाला रे? मी काय कर्ज मागतेय?" असं त्या म्हणाल्या. त्या दर एकादशीला एकवीस रुपये देतात.

बरं, सवलत नको म्हणणाऱ्याचं नाव त्या फॉर्ममध्ये भरायचं की नाही? एक सीए म्हणतात, वगळा. दुसरे म्हणतात, आलेला रुपया न् रुपया दाखवा, नंतर नोटीस आली तर मला बोलू नका. नाव-पत्ता न घेता पेटीतूनच सगळं घ्यावं, तर निनावी देणग्यांवर ३० टक्के कर. मोकळीक १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांत जे जास्त असेल तेवढीच. निव्वळ धार्मिक न्यासांच्या दानपेटीला यातून कायद्यानेच सूट आहे. देवाला गुप्तदान चालतं, डब्याला चालत नाही.

आणि राजकीय पक्ष? २० हजारांपर्यंत देणगी देणाऱ्याचं नाव त्यांना निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. मी कुठल्याच पक्षाचा नाही, त्यामुळे हे सगळ्यांना सारखंच लागतं असं समजा. पण २० हजार कुठे आणि मावशींचे एकवीस कुठे!

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, नियम आणि फॉर्म नव्याने लिहिले जातायत, म्हणूनच हे पत्र आत्ता. एका व्यक्तीकडून वर्षभरात आलेली २ हजारांपर्यंतची देणगी, ज्यावर कुणी सवलत मागत नाही, ती आम्हाला एका ओळीत, एकत्रित बेरीज म्हणून दाखवू द्या. नाव, पत्ता आणि पावतीची स्थळप्रत आमच्याकडे राहील. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा हिशेब दरवर्षी ऑडिट होतोच, कुणीही येऊन तपासावा. आणि पावती दिवंगत माणसाच्या नावाने फाडायला परवानगी असावी, देणारा कोण ते खाली लिहून.

आणखी एक गोष्ट. ज्या संस्थांचं उत्पन्न मागच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे, त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करसवलतीची नोंदणी यंदाच्या अर्थसंकल्पात आपण पाचाऐवजी दहा वर्षांची केलीत. आभार. आमच्या बैठकीत त्या दिवशी चहाबरोबर वडे आले. पण ८० जीची मान्यता अजून पाच वर्षांचीच आहे, म्हणजे कागदांचा तोच गठ्ठा घेऊन आम्हाला मधेच पुन्हा रांगेत उभं राहायचंय. दोन्हींची मुदत एकच करणं फार अवघड नसावं.

आपला,
खजिनदार

ता. क. तो पलंग सध्या दत्तवाडीत आहे. हँडल अजून कुरकुरत नाही.